जन्म जर्मनीत, पुरावा सांगलीत

आमची लेक २०२३ च्या एप्रिलमध्ये स्टुटगार्टजवळच्या एका लहान शहरात जन्मली. तिचा रीतसर जन्मदाखला हातात पडेपर्यंत ती बसायला लागली, रांगायला लागली, फोनवर आजोबा दिसले की हात पुढे करायला लागली. उशीर तिच्यामुळे झाला नाही. प्रश्न तिच्या आई-बापाचा होता. आम्ही आमची जी नावं, जी जन्मगावं सांगतो ती खरी आहेत, हे जर्मन नोंदणी कार्यालयाला पटायला हवं होतं. आणि ते पटवण्याचं काम जर्मनीत होण्यासारखं नव्हतंच. ते पलूसजवळच्या एका खेड्यात, कराडच्या नगरपालिकेत, तासगावच्या शाळेत आणि सांगलीच्या गावभागात झालं. आमच्यासाठी ते दुसऱ्यांनी केलं.

आपल्या भागातून आता बरीच मुलं-मुली जर्मनीला निघाली आहेत. मिरजेत नर्सिंग केलेल्या मुली आहेत, वालचंदला शिकलेले इंजिनिअर आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही केला. पगार किती, भाषा किती शिकावी लागते, थंडी कशी सोसायची, हे सगळं सांगणारे भेटतात. कागदांचं कुणी फारसं सांगत नाही. मूल होईपर्यंत त्यांची गरजही तितकीशी पडत नाही. म्हणून मी हे जरा विस्तारानं लिहिते आहे.

जर्मनीत रोजचं आयुष्य पत्रपेटीवर चालतं. घर मिळालं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. मग कराचा क्रमांक पोस्टानं येतो, आरोग्य विम्याचं कार्ड पोस्टानं, बँकेचा पिन पोस्टानं. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची महिना १८.३६ युरोची वर्गणी मागणारं पत्रही येतं, घरात टीव्ही असो वा नसो. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. आमच्या पेटीवर दोन आडनावं आहेत, ह्यांचं आणि माझं माहेरचं. माझा पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यावरचं नाव मी बदललेलं नाही. सांगलीत याचं कुणाला काही वाटलं नव्हतं, इथेही वाटलं नाही. पण पुढे नोंदणी कार्यालयात प्रत्येक टेबलावर ते समजावून सांगावं लागलं.

आमचा भाग श्वाबेन लोकांचा. त्यांच्यात केहरवोखे नावाची पद्धत आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीनं एकेक आठवडा जिना पुसायचा, दारापुढची पायवाट झाडायची, हिवाळ्यात बर्फ काढायचं. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला पाटी लटकते. बाळाला घेऊन मी दवाखान्यातून आले त्याच आठवड्यात पाटी आमच्या दाराला यायची होती. खालच्या मजल्यावरच्या आजींनी ती परस्पर स्वतःच्याच दाराला ठेवून घेतली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. इथली माणसं तुटक असतात असं मी निघताना फार ऐकलं होतं. मला तसा अनुभव नाही. बोलणं कमी, पण करायचं ते करतात.

बाळंतपणाला आई तासगावहून आली होती. आई-वडिलांना बोलवायचं तर इथल्या कार्यालयात जाऊन त्यांच्या खर्चाची हमी लिहून द्यावी लागते, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा काढावा लागतो, आणि व्हिसा मिळाला तरी १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. डिंकाचे लाडू, साताऱ्याचे कंदी पेढे, घरचं तूप यातलं काही ती आणू शकली नाही. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तिनं डिंक, अळीव, खारीक आणि तासगावचे बेदाणे आणले आणि इथल्या दुकानातलं पाव-पाव किलोचं लोणी कढवून तूप केलं. दाई घरी येऊन बाळ-बाळंतिणीला बघते, ही इथली मला सगळ्यात आवडलेली सोय. पहिले दहा दिवस ती हवी तर रोज येते, पुढे बारा आठवड्यांपर्यंत अधूनमधून, आणि खर्च विमा कंपनी देते. आमच्या दाईबाईंनी आईला बाळाला तेल चोळताना पाहिलं तेव्हा त्या खाली मांडी घालून बसल्या आणि शेवटपर्यंत बघत राहिल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण बाळाची बेंबी सुकली की नाही यावर त्यांचं व्यवस्थित बोलणं झालं.

आता नावाचं.

मूल जन्मलं की दवाखाना आठवड्याच्या आत श्टांडेसाम्टला, म्हणजे जन्म, विवाह आणि मृत्यूची नोंद करणाऱ्या कार्यालयाला कळवतो. दवाखान्यातच एक फॉर्म देतात, त्यात बाळाचं नाव भरायचं असतं. इथल्या लोकांनी नाव महिनोन् महिने आधी ठरवलेलं असतं. आमच्याकडे बाराव्या दिवशी बारसं, त्याआधी नाव कानात कसं सांगायचं? मी नर्सला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, कायद्यानं महिन्याची मुदत आहे, रकाना रिकामा ठेवा. बारसं झालं. पाळणा इथे आमच्या बैठकीच्या खोलीत, आणि गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणणाऱ्या बायका सांगलीत, फोनच्या पडद्यावर. सासूबाईंनी तिकडेही एक पाळणा सजवला होता, त्यात बाळकृष्ण ठेवला होता.

फॉर्म भरताना मात्र अडलं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी ओळ. इथे दोनच रकाने आहेत. एकात स्वतःचं नाव किंवा नावं, दुसऱ्यात आडनाव. नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी विचारलं की मधलं नाव कुठे घालायचं. पहिल्या रकान्यात घातलं तर ते मुलीचं स्वतःचं नाव होईल, म्हणजे मुलीला पुरुषाचं नाव. दुसऱ्यात घातलं तर ते आडनावाचा भाग होईल आणि पुढे तिच्या मुलांपर्यंत जाईल. आमच्या वेळी मुलाच्या नावाला पालकांच्या देशाचा कायदा लागायचा. १ मे २०२५ पासून नियम बदलला, आता राहत्या देशाचा कायदा लागतो आणि पालकांना हवं तर आपल्या देशाचा निवडता येतो. आम्ही दोघांनी विचार करून फक्त नाव आणि आडनाव लावायचं ठरवलं.

सासूबाईंना हे जड गेलं. "बापाचं नाव मधी नको म्हंजे? मग लेक कुणाची म्हनायची?" त्या फोनवर रडल्या. ह्यांनी समजावलं, दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत असतंच, ते कुठे जात नाही. त्यांना ते पटायला काही दिवस लागले. मला त्यांचं वाईट वाटणं अजिबात खुळचट वाटलं नाही. त्यांच्या सगळ्या आयुष्यात माणूस ओळखायचा तो कुणाचा कोण यावरून. पुढे जे घडलं त्यात त्यांचंच म्हणणं खरं ठरलं, कारण आमची ओळख अखेर त्याच पद्धतीनं सिद्ध झाली.

नोंदीसाठी कागद मागितले ते असे: दोघांचे जन्मदाखले, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, आणि सगळ्याचा जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडून केलेला अनुवाद. मराठीतून जर्मन करणारे असे अनुवादक फार थोडे. आमच्या बाई दूर हॅम्बुर्गला राहणाऱ्या, सगळा व्यवहार टपालानं. त्यांनी एक मोलाची गोष्ट सांगितली. दाखला नुसता मराठीत असेल तर नावं रोमन लिपीत आणताना ठरलेलं आंतरराष्ट्रीय प्रमाण पाळावं लागतं, आणि मग आडनाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगपेक्षा निराळं दिसतं. दाखल्यावर इंग्रजी मजकूरही असेल तर तेच स्पेलिंग धरता येतं. म्हणून दाखला मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांतला घ्यावा आणि तो घेताना स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघावं.

कागद दिले आणि वाटलं की झालं. थोड्या दिवसांनी पत्र आलं की भारतातल्या दाखल्यांची पडताळणी करावी लागेल.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. भारत २००५ पासून हेग इथे झालेल्या ॲपोस्टिल करारात आहे. म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टिल शिक्का असलेला आपला दाखला करारातल्या दुसऱ्या देशात चालायला हवा. पण जर्मनीनं भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवला, त्यामुळे या दोन देशांत तो शिक्का चालत नाही. माझे दीर आधी मंत्रालयात आणि मग दिल्लीला पाठवून तो शिक्का घेऊन बसले होते. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला फ्रान्समध्ये त्याच शिक्क्यावर सगळं मिळालं. जर्मन वकिलातींनी भारतातल्या कागदांचं नेहमीचं प्रमाणीकरणही बंद केलेलं आहे. मग उरतो एकच रस्ता. इथल्या कार्यालयानं विनंती करायची, भारतातल्या जर्मन वकिलातीनं एका वकिलाला नेमायचं, आणि त्यानं प्रत्यक्ष गावात जाऊन मूळ नोंदवही बघायची, शाळेत जायचं, माणसांशी बोलायचं. खर्च अर्थात आपला, काही शे युरो. वेळ कित्येक महिने.

त्यासाठीचा फॉर्म मी जन्मात विसरणार नाही. कुठे जन्मलात, घरी की दवाखान्यात? कोणत्या शाळेत शिकलात, कोणत्या साली? आई-वडील कुठे राहतात, घर कसं सापडेल? तुम्हाला लहानपणापासून ओळखणारे शेजारी, नातेवाईक कोण? मांडीवर बाळ घेऊन मी ते लिहीत होते आणि लिहिता लिहिता आमची दोन्ही घरं, सगळे पत्ते, सगळी माणसं कागदावर उतरत होती.

माझा जन्म कराडचा. आई-वडील मात्र कराडला कधीच राहिले नाहीत, ते तासगावचे. इथल्या बाईंना हे कोडं वाटलं. मी सांगितलं, आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून माझा जन्म आजोळचा, आणि नोंद जिथे जन्म होतो तिथेच होते. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, हे पडताळणाऱ्यालाही लिहून द्या, नाहीतर तो तासगावात शोधत बसेल. हा मुद्दा आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक थोरल्या अपत्याला लागू आहे. आपली नोंद नक्की कोणत्या गावात आहे हे कितीतरी जणांना माहीत नसतं.

माझं तरी सोपं होतं. कराडच्या नगरपालिकेत नोंद होती, नावासकट, कारण मामानं बारशानंतर जाऊन नाव घातलं होतं. ह्यांचं अवघड होतं. ह्यांचा जन्म १९९० चा, पलूसजवळच्या खेड्यात, घरीच, सुईणीच्या हातचा. ग्रामपंचायतीच्या वहीत नोंद होती, तारीख होती, आई-वडिलांची नावं होती, लिंग पुरुष असं होतं. बाळाच्या नावाची जागा मात्र कोरी. बारशाच्या आधीच कुणीतरी नोंद करून आलं, नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. त्या काळी अशा कोऱ्या नोंदी सर्रास असायच्या. पासपोर्ट काढताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागलं होतं, आणि जर्मनीत नोकरीला येताना जन्मदाखला कुणी मागितला नव्हता.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यानुसार नाव नंतर घालायला पंधरा वर्षांची मुदत आहे, पण जुन्या नोंदींसाठी सरकार अधूनमधून मुदतवाढ देत आलं आहे. तिचा आम्हाला आधार झाला. अर्ज, प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आई-वडिलांचे आधार कार्ड, असं सगळं घेऊन दीर ग्रामपंचायतीत खेपा घालत राहिले. ग्रामसेवक नवीन होते, त्यांच्याकडे तीन गावं. तरी त्यांनी जुनी वही काढून दाखवली. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण ओळ शाबूत. दिरांनी त्या ओळीचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून करून बघितला. निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात, माझ्या सासूबाईंचं नाव.

अण्णांना, माझ्या सासऱ्यांना, सगळ्या प्रकाराचा मनस्ताप झाला. ते आयुष्यभर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, हिशोबाला चोख. "आरं, बाप जित्ता हाय की. मी सांगतो न्हवं, पोरगं माजं हाय म्हनून. आनि काय पायजे त्यास्नी?" पण त्यांनीच कागद जपलेले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. गावभागातलं आमचं घर तळमजल्यावर बुडालं. अण्णांनी त्या रात्री टीव्ही सोडला, शिलाई मशीन सोडलं, धान्य सोडलं आणि कागदांची पत्र्याची ट्रंक शेजाऱ्यांच्या माडीवर नेऊन ठेवली. ह्यांचा शाळा सोडल्याचा दाखला त्या ट्रंकेत होता. शाळेत नाव घालताना त्यांनी ग्रामपंचायतीचं टिपणही नेलं होतं, म्हणून शाळेतली तारीख आणि वहीतली तारीख जुळली. नाहीतर त्या काळी गुरुजींनी परस्पर १ जून लिहून टाकलेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि तारखाच जुळत नसतील तर पडताळणीत काय होईल याचा मी विचारही करू शकत नाही.

इकडे लेकीची नोंद झाली, पण दाखला म्हणून नाही. आम्हाला जन्मनोंदवहीचा प्रमाणित उतारा मिळाला. त्यात तिचं नाव, तारीख, वेळ सगळं होतं आणि आमच्या दोघांच्या नावांखाली एक टीप होती की ओळख सिद्ध झालेली नाही. बाई सौम्य होत्या. म्हणाल्या, कायद्यानं या उताऱ्याला तितकीच किंमत आहे, पडताळणी झाली की टीप निघेल. मला ते डोक्यानं कळत होतं. तरी बसमध्ये बसल्यावर ती ओळ पुन्हा वाचली आणि पोटात खड्डा पडला. करभरणा माझ्या नावानं चालतो, विमा चालतो, घराचा करार चालतो, आणि मुलीची आई म्हणून मात्र मी अजून सिद्ध व्हायची आहे.

उतारा चालला, हे खरं. त्यावर लेक आरोग्य विम्यात माझ्याबरोबर विनामूल्य आली. किंडरगेल्ड, म्हणजे मुलामागे मिळणारा भत्ता, सुरू झाला. तो तेव्हा महिना २५० युरो होता. पालकरजेच्या काळात मिळणाऱ्या एल्टर्नगेल्डचा अर्जही गेला. तो वेळेत करावा लागतो, कारण मागचे तीनच महिने भरून मिळतात. निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १,८०० युरो. नव्यानं आई-बाप होणाऱ्यांनी हे तारखांसकट भिंतीवर लिहून ठेवावं.

पासपोर्टसाठी मात्र आम्हाला टीप नसलेला दाखला हवा होता. आणि इथे साखळी सुरू होते. जर्मनीत जन्मलं म्हणून मूल आपोआप जर्मन होत नाही. पालकांपैकी एकाचं दीर्घ वास्तव्य आणि कायमचा परवाना लागतो, तेव्हा आठ वर्षं, जून २०२४ पासून पाच. आम्ही त्यात बसत नव्हतो. मग ती भारतीय. पण परदेशात जन्मलेलं मूल भारतीय ठरायला १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ खाली वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. दुसरीकडे जर्मनीतल्या परवान्यासाठी सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा आणि त्याला पासपोर्ट हवा. पासपोर्टला दाखला हवा. दाखल्याला पलूसची वही हवी. परवान्याचा अर्ज आम्ही उताऱ्यावरच मुदतीत टाकला, त्यावर तात्पुरता कागद मिळाला. बाकी सगळं अडलेलं. तोवर आमची लेक कागदोपत्री कुठल्याच देशाची नव्हती. रात्री तिला पाजताना माझ्या मनात हेच यायचं.

पडताळणी करणारे वकील थंडीच्या दिवसांत गेले. कधी येणार ते आधी कळवत नाहीत. कराडला ते नगरपालिकेत जाऊन वही बघून आले, ते आम्हाला नंतरच समजलं. तासगावच्या माझ्या शाळेत त्यांनी जनरल रजिस्टर पाहिलं, आणि मुख्याध्यापकांनी आवर्जून माझ्या वडिलांना फोन केला. सांगलीत ते अचानक दारात उभे राहिले, तेव्हा अण्णा दुपारी आडवे झाले होते. त्यांनी लग्नाचा अल्बम मागितला, विवाह नोंदणीचा नमुना ई बघितला, साक्षीदारांची नावं विचारली. सासूबाईंनी चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. त्याचं सासूबाईंना फार लागलं, पण घ्यायचा नसेल त्यांचा नियम.

खेड्यात मात्र मजकूर वेगळा झाला. ह्यांच्या जन्माच्या वेळी असणारी सुईण आता नाही. शेजारच्या आजी आहेत, पाठीतून वाकलेल्या, पण आठवण पक्की. वकिलांनी विचारलं, मूल केव्हा झालं? आजींनी साल सांगितलं नाही, तारीख सांगितली नाही. "बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झालं बगा. बैलं सजवल्याली तशीच हुती गोठ्यात, आनि हिच्या कळा सुरू झाल्या. पाऊस तर असा, की सुईनीला खांद्यावर पोतं घिऊन आनली." दिरांनी हे फोनवर जसंच्या तसं सांगितलं. वकिलांनी ते वहीत लिहून घेतलं, घरी गेल्यावर त्या वर्षीचा बेंदूर कधी होता ते त्यांनी पाहिलं की नाही कोण जाणे, पण आम्ही पाहिलं. वहीतली तारीख नेमकी दुसऱ्या दिवसाची होती. ह्यांना स्वतःच्या जन्माची ही गोष्ट तोवर कुणी सांगितलेली नव्हती.

मला त्या पडताळणीचा राग येत नाही. मुलीचा दाखला तिला आयुष्यभर पुरायचा आहे, तो पक्का असावा असं कार्यालयाला वाटलं तर त्यात गैर नाही. राग येतो तो एवढ्याचाच, की हे सगळं आधी कुणी सांगत नाही. परदेशी माणसं येतात, इथे काम करतात, त्यांना मुलं होतात, यात अनपेक्षित काय आहे? नोकरीच्या कागदांबरोबर एक पान जोडलं असतं तर नाव घालण्याचं काम आम्ही सांगलीत असतानाच उरकलं असतं आणि दिरांच्या रजा वाचल्या असत्या.

अहवाल आला आणि श्टांडेसाम्टमधून पत्र आलं, दाखला घेऊन जा. वर्ष भरायला थोडाच अवकाश होता. टीप गेलेली होती. म्युनिकच्या भारतीय वकिलातीकडे बाडेन-व्युर्टेम्बर्गचं काम असतं, तिथे नागरिकत्वाची नोंद आणि पासपोर्ट एकापाठोपाठ झाले. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. फोटोत डोळे उघडे आणि तोंड मिटलेलं हवं, हे वर्षाच्या मुलीकडून करून घेणं हेच त्या टप्प्यातलं सगळ्यात कष्टाचं काम होतं. मग परवान्याचं कार्डही आलं.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही सांगलीला आलो. खेड्यात गेलो, आजींना भेटलो. आजींनी लेकीला मांडीवर घेतलं, तिचं कपाळ बघितलं आणि म्हणाल्या, बापावर गेलीया. ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकांना पेढे दिले. त्यांनी ते टेबलावर ठेवून आधी एक अर्ज पुरा केला, मग घेतले. आता तिथल्या नव्या नोंदी संगणकावर होतात. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर शाळा, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे, त्यामुळे नाव कोरं ठेवून चालणारच नाही. जुन्या वह्या मात्र अजून त्याच कपाटात आहेत. आपल्या वयाच्या माणसांची सगळी ओळख त्यांच्यात आहे, आणि पुराच्या पट्ट्यातल्या गावांत तरी त्या वरच्या मजल्यावर असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

माझी मावसबहीण मिरजेत नर्स आहे. जर्मन भाषेची बी-दोन पातळी पास झाली, आता तिची निघायची तयारी चालू आहे. दिवाळीत आम्ही दोघी तिचे कागद घेऊन बसलो. जन्म १९९७ चा, म्हणजे सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महानगरपालिका झाली त्याच्या आधीचा, नोंद जुन्या मिरज नगरपालिकेच्या वहीतली. नाव आहे, तारीख जुळते, पण वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिच्या पासपोर्टपेक्षा एका अक्षरानं वेगळं आहे. तिनं दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज दिला. मावशी म्हणत होती, एका अक्षरानं काय होतंय, आधी तिकीट काढ. बहिणीनं घरात सांगून टाकलं आहे की दुरुस्त दाखला हातात आल्यावरच तिकीट.